खंडेनवमीला साफ केलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पूर्ण श्रद्धेने बिघडवला. इतक्या पवित्र वातावरणात बिघडलेला कॉम्प्युटर साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. (विदर्भाचं मी सांगू शकत नाही.)

गोष्ट दोन हजार चारची की पाचची, आता नक्की आठवत नाही. पण दिवस खंडेनवमीचा होता, हे आई मला विसरू देत नाही. खंडेनवमीला आमच्यात घरातली सगळी अवजारं पूजेला बसतात. वडीगोद्रीला आमच्या भानुदासकाकांच्या घरी नांगर, वखर, कोयते आणि ट्रॅक्टर बसतो. जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी आईचं शिलाई मशीन, कात्री, विळी, अडकित्ता आणि बाबांच्या मागे राहिलेली हातोडी. त्या वर्षी या मंडळींत पहिल्यांदाच कॉम्प्युटर बसणार होता.

हा कॉम्प्युटर माझ्या कंपनीतून आला होता. मी एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. काम असं, की शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि आठ दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. कंपनीने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यातला एक मला मिळाला आणि त्या दिवसापासून गल्लीत मी तज्ज्ञ झालो. तज्ज्ञ व्हायला फार काही लागत नाही. दुसऱ्या कुणाकडे ती वस्तू नसली की झालं.

"पूजेला बसवायचं तर आतून-बाहेरून साफ पाहिजे," आई म्हणाली. "मी मशीनचं बॉबिनसुद्धा काढून पुसून राह्यले. न्हाईतर तू वरून फडकं मारशील अन् म्हणशील झालं."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी पडदा पुसला. की-बोर्ड उलटा करून झटकला, तेव्हा त्यातून पावशेर चिवडा निघाला. खालच्या डब्याचं झाकण उघडून रंगाच्या ब्रशने आतली धूळ काढली. इथे थांबलो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण आई म्हणाली होती आतून. मी आतल्याही आत शिरलो.

कॉम्प्युटरमध्ये एक यादी असते, आत कोणकोणते प्रोग्राम राहतात त्याची. ती मी उघडली आणि थक्क झालो. निम्मी नावं माझ्या ओळखीची नव्हती! आपल्या घरात राहतात, आपली लाईट खातात आणि आपल्याला माहीत नाहीत. मी एकेकाला काढायला सुरुवात केली. कॉम्प्युटर विचारायचा, "काढायचं का?" मी म्हणायचो, हो. तो विचारायचा, "नक्की?" मी म्हणायचो, अरे बाबा, हो. अशी एकवीस नावं मी हाकलली. त्यात इंटरनेटची पानं उघडून दाखवणारा एक प्रोग्राम होता. हा दुसरा होता. पहिला, निळ्या ई अक्षराचा, घरात मुळातच होता. एका घरात एकाच कामाला दोघं कशाला? काढला. तो उन्हाळ्यात मीच एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून बसवला होता, आणि बसताना त्याने "आजपासून सगळ्या लिंका मीच उघडू का?" असं विचारल्यावर मीच हो म्हटलं होतं, हे मला बिलकुल आठवलं नाही. मी कॉम्प्युटरला कधीच नाही म्हणत नाही. पाहुणचार म्हणून.

मग पूजा झाली. आईने खालच्या डब्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, वर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत हे पुसायचं न्हाई. आजच्या दिवशी अवजाराला आराम. कामाला लावायचं न्हाई."

अवजाराने हे फारच मनावर घेतलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, एका शनिवारी, आमच्या वंदनाला ई-मेलने पत्र आलं. वंदना माझी धाकटी बहीण. परभणीला शेतीची पदवी घेतलेली, आणि त्या पदवीचा उपयोग म्हणून माझ्याच कंपनीत हंगामी कामावर कन्व्हेयर पट्ट्यापाशी उभी राहून बियांतले खडे वेचत होती. तिने हैदराबादच्या एका बियाणे संशोधन केंद्रात अर्ज केला होता. मुलाखत होऊन दोन महिने झाले होते. रोज संध्याकाळी ती फोनची वायर कॉम्प्युटरला लावायची, मोडेम मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखा ओरडायचा, पत्रांचा प्रोग्राम उघडायचा, आत काही नसायचं आणि ती भाकरी थापायला जायची.

त्या शनिवारी दुपारी दोनला पत्र होतं. तुमची निवड झाली आहे. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत खाली क्लिक करून होकार नोंदवावा, अन्यथा जागा पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. पत्र निघालं होतं गुरुवारी. आमचा फोन गुरुवारी आणि शुक्रवारी मेलेला होता. खाली निळ्या अक्षरांत, रेघ मारून लिहिलेलं होतं : येथे क्लिक करा.

वंदनाने आईच्या पाया पडून क्लिक केलं.

काही झालं नाही. म्हणजे टिंग असा आवाज झाला आणि इंग्रजीत एक पाटी आली. तिचा अर्थ असा, की या कॉम्प्युटरवर लागू असलेल्या निर्बंधांमुळे हे काम रद्द करण्यात आले आहे, आपल्या सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा.

"दादा, बघ बरं," वंदना म्हणाली.

मी बाह्या सरसावून बसलो. तज्ज्ञ माणूस आधी काय करतो, तर तेच पुन्हा करतो. मी क्लिक केलं. टिंग. जरा जोरात केलं. टिंग. दोनदा, तीनदा, बेसावध पकडावं म्हणून दुसरीकडे बघत एकदम. टिंग. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. टिंग. तेच पत्र मी उचलून लिहायच्या प्रोग्राममध्ये चिकटवलं आणि तिथून क्लिक केलं. तिथेही तीच पाटी आली, अक्षरशः तीच.

"लिंकच खराब आहे," मी निकाल दिला. "हैदराबादवाल्यांची चूक."

(आज कुणीही म्हणेल की माऊसचं उजवं बटण दाबून आतला पत्ता काढून घ्यायचा आणि निळ्या ई मध्ये टाकायचा. पण तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत उजव्या बटणाला कुणी हात लावलेला नव्हता. ते कशाला दिलंय याबद्दल दोन मतं होती : एक, डावखुऱ्या लोकांसाठी, दोन, डावं बिघडलं तर असू द्यावं म्हणून.)

एवढ्यात भानुदासकाका जीप घेऊन आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दहा वर्षं वडीगोद्रीकडच्या आमच्या वस्तीचे पुढारी. सहा फूट उंच, मिशी वेगळी. हरभऱ्याचं बियाणं न्यायला आले होते. त्यांना सगळी हकीकत सांगितली.

"निर्बंध?" काका खुर्चीवर बसत म्हणाले. "कुणी लावले? कलेक्टर हापिसात आपला माणूस हाये. आत्ता जाऊन उठवून आणतो."

"काका, ते निर्बंध कॉम्प्युटरच्या आतले आहेत."

"आतले असू दे. लावणारा तर बाहेरच बसला असंल ना?"

आज विचार करता काका सत्याच्या किती जवळ पोचले होते, हे बघून अंगावर काटा येतो.

काकांनी मग हैदराबादला फोन लावला. शनिवार असल्यामुळे ऑफिस बंद होतं. फोन रखवालदाराने उचलला. त्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि काकांना मराठीशिवाय. दोघं दहा मिनिटं बोलले. फोन ठेवून काका म्हणाले, "काही इलाज न्हाई. पण माणूस चांगला होता. त्याच्या पोरीचं औंदा लग्न हाये."

"तुम्हाला कसं कळलं?" आईने विचारलं.

"वहिनी, माणसाच्या आवाजावरून कळतं."

तोपर्यंत वंदना सायकलवर नेट कॅफेत जाऊन आली होती. तिचा चेहरा बघून मी उभा राहिलो. तिथे तिची टपालपेटी रिकामी निघाली. आमच्या घरचा प्रोग्राम पत्रं घरी आणताना तिकडे एक चिठोरंसुद्धा मागे ठेवत नसे. म्हणजे ते पत्र साऱ्या जगात एकाच ठिकाणी होतं : आमच्या कॉम्प्युटरमध्ये.

"सुधाकरराव," वंदना म्हणाली. ती मला सुधाकरराव म्हणते तेव्हा मी भिंतीकडे सरकतो. "तीन वाजले. पावणेपाचला आपल्याकडची लाईट जाते. मला सोमवारी परत त्या पट्ट्यापाशी उभं राहून खडे वेचायचे न्हाईत. तुला येतं का न्हाई, तेवढं सांग."

मला येत नाही हे मी आजवर कुठल्याच बाबतीत कबूल केलं नव्हतं. "येतं," मी म्हणालो, "पण याला हत्यारं लागतात. कॉम्प्युटर सलीमभाईकडे न्यावा लागंल."

सलीमभाईंचं दुकान कापड बाजारामागच्या बोळात. मूळचे टाईपरायटर दुरुस्त करणारे. टाईपरायटर कमी झाले तसे कॉम्प्युटरही बघायला लागले. ठरलं असं, की मी आणि वंदना स्कूटरवर पुढे जाऊन फोनची लाईन मोकळी करून घ्यायची आणि काकांनी जीपमधून कॉम्प्युटर आणायचा.

"जपून आणा," मी काकांना म्हणालो.

"तू मला शिकवतो का? मी हंड्यात दही भरून अंबडपासून आणलंय, एक थेंब सांडला न्हाई."

वीस मिनिटांत जीप आली. ड्रायव्हर पुढे, काका मागे बसले होते आणि त्यांच्या मांडीवर, आईच्या दोन गोधड्यांत गुंडाळलेला, तान्ह्या मुलासारखा पडदा होता. शेजारी की-बोर्ड. खिशात माऊस, त्याची शेपटी बाहेर. माऊसखालची चटईसुद्धा त्यांनी घडी करून आणली होती.

"काका, डबा कुठे?"

"कोणता डबा?"

"पडद्याखालचा! मोठा, उभा! त्यातच तर सगळं असतं."

काका माझ्याकडे बघत राहिले. "तो? अरे, त्याला हळदीकुंकू होतं. स्वस्तिक होतं, हार होता. मला वाटलं वहिनीच्या देवाचं काही असंल. मी नमस्कार करून बाजूला ठेवला."

वंदना बोळाच्या भिंतीला टेकून खाली बसली. चार वाजायला दहा मिनिटं होती. काका मात्र जराही खजील झाले नाहीत. "पूजेतल्या वस्तूला मी विचारल्याबिगर हात लावत नसतो," ते म्हणाले, "अन् लावणारही न्हाई. वहिनीलाच घेऊन येतो." जीप अशी उलटी निघाली की बोळातल्या दोन शेळ्यांनी एका कापडाच्या दुकानात आसरा घेतला.

चार वाजून दहा मिनिटांनी जीप परत आली, तेव्हा पुढच्या सीटवर आई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर डबा, डब्यावर हार. बोळातले लोक रस्ता देत बाजूला झाले. एका म्हाताऱ्याने हातही जोडले.

सलीमभाईंनी चष्मा पुसून डब्याकडे पाहिलं. "अम्मा, ये फूल काढू का?"

"काढा. पण हळदीकुंकू पुसू नका."

सलीमभाईंनी सगळ्या वायरी जोडल्या. पत्र उघडलं. निळ्या अक्षरांवर क्लिक केलं. टिंग. त्यांनी सवयीने पेट्रोलचा ब्रश उचलला, मग ठेवला.

"सुधाकरभाई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "मेरे पास दोनच दवा. टाईपरायटरला पेट्रोल, कॉम्प्युटरला फॉरमॅट. फॉरमॅट मारतो, जल्दी होतं. अर्धा घंटा."

"मारा," मी म्हणालो. लगेच म्हणालो. डॉक्टरने सुई काढल्यावर तज्ज्ञ रोगी काय म्हणणार?

"थांबा," वंदना म्हणाली. "फॉरमॅट म्हणजे काय होतं?"

"सब साफ. एकदम नवा कोरा होतो."

"अन् पत्र?"

"पत्र भी साफ."

सलीमभाईंनी तोवर एक सीडी बाहेर काढली होती आणि माझं 'मारा' अजून हवेत होतं. वंदनाने ती सीडी त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतली आणि स्वतःच्या ओढणीखाली ठेवली.

आणि आई, जी इतका वेळ स्टुलावर बसून शांतपणे हारातली वाळकी फुलं वेगळी करत होती, ती म्हणाली, "आणखीन साफ? अहो, परवा खंडेनवमीला तर यानं एवढं साफ केल्तं. दुपारभर आत डोकं घालून बसला होता."

वंदना सावकाश माझ्याकडे वळली.

"काय साफ केल्तं, दादा?" वंदनाने विचारलं.

"धूळ," मी म्हणालो.

"अजून?"

"चिवडा."

"अजून?"

घड्याळात चार पंचवीस. सांगावं लागलं. एकवीस प्रोग्राम काढले, त्यात इंटरनेटची पानं उघडणारा एक होता, हे मी अशा आवाजात सांगितलं की सलीमभाईंना ते पुन्हा विचारावं लागलं. काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हंजी निर्बंध लावणारा इथंच बसला हाये." मी जमिनीकडे बघून घेतलं.

आईला इंटरनेट म्हणजे काय ते आजही माहीत नाही. पण तिने आयुष्यभर घर चालवलंय. तिने विचारलं, "त्या काढलेल्याकडं काम काय होतं?"

"लिंका उघडायचं."

"ते काम त्याला कुणी दिल्तं?"

"...मीच."

"मंग काढताना ते काम दुसऱ्या कुणाला लावून दिलं का?"

मी हारातलं एक वाळकं फूल उचलून बघायला लागलो.

"बघा," आई सलीमभाईंना म्हणाली, जसं काही तेच माझे पालक होते. "मागं आमची धुणंवाली काम सोडून गेली, तेव्हा मी दुसरीला सांगितलं म्हणून धुणं झालं. न सांगता कपडे ठेवले असते तर पडून राह्यले असते. हे पत्र अजून त्याच गेलेल्याला हाका मारून राह्यलंय. तो न्हाई म्हणून ओरडतंय. घरात दुसरं कुणी उघडणारं हाये का न्हाई?"

"आहे," मी म्हणालो. "निळा ई आहे."

"मंग त्याला सांग ना की आजपासून तू उघडायचं. त्यात एवढं कलेक्टरपर्यंत जायचं काय?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (पुढे मी ही हकीकत सांगताना "माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला" इथूनच सुरुवात करत असे.) मी सलीमभाईंना बाजूला सारून माऊस घेतला. निळा ई उघडला. वरच्या यादीत साधनं, त्यात अगदी शेवटी इंटरनेटचे पर्याय. एक खिडकी आली, तिला सात कप्पे. पहिला, दुसरा, तिसरा... काका मागून म्हणाले, "सावकाश, सावकाश. म्हशीच्या कासेला हात घातल्यासारखं." सहाव्या कप्प्यावर प्रोग्राम असं लिहिलं होतं आणि तिथे एक बटण होतं, ज्याचा अर्थ होता : सगळं मूळच्यासारखं कर आणि उघडायचं काम पुन्हा मला दे. मी दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, "नक्की?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी हो म्हणण्याआधी वंदनाकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी हो म्हटलं.

"आता तू दाब," मी तिला म्हणालो.

चार एकोणचाळीस. वंदनाने निळ्या अक्षरांवर क्लिक केलं.

टिंग झालं नाही.

एक पांढरं पान उघडलं आणि पांढरंच राहिलं. सलीमभाई फोनच्या डब्यावर हात ठेवून उभे राहिले, जसं काही लाईन उडून जाईल. पानावर वरून एक हिरवी पट्टी उतरली. मग तिच्याखाली अर्धं कणीस. काका श्वास घ्यायला विसरले होते. त्यांची मिशी थांबलेली मी तेव्हाच पाहिली. मग उरलेलं कणीस, मग नाव, मग जन्मतारीख, आणि तळाला एक बटण. वंदना टाईप करत होती. आम्ही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. चार त्रेचाळीसला तिने बटण दाबलं.

पान पुन्हा पांढरं झालं.

"आता?" आई म्हणाली.

"थांब."

"किती?"

"आई, थांब."

आणि मग इंग्रजीत तीन ओळी आल्या. तुमचा होकार नोंदवला आहे. अभिनंदन. तिसरी ओळ आम्ही वाचू शकलो नाही, कारण पंखा थांबला, पडदा विझला आणि बाजारातली सगळी दुकानं एकदम हुश्श म्हणाली. लाईट गेली होती.

"गेला का?" काकांनी विचारलं.

"गेला," वंदना म्हणाली.

"लाईट का होकार?"

"दोन्ही."

आणि ती हसायला लागली. दोन महिन्यांत ती हसलेली मी पाहिली नव्हती. सलीमभाईंनी समोरच्या हॉटेलात पाच चहा सांगितले आणि आईने ज्या हाताने डबा धरून आणला होता त्याच हाताने वंदनाच्या तोंडात साखरेची चिमूट घातली. माझ्याही घातली. पण वंदनाच्या नंतर, आणि अंमळ कमी.

परत जाताना काकांनी जीप नाकारली. त्यांनी पडदा खांद्यावर घेतला, डबा माझ्या डोक्यावर दिला, हार वंदनाच्या गळ्यात घातला आणि आम्ही भर बाजारातून पायी निघालो. पुढे काका, मागे आई, सलीमभाई की-बोर्ड घेऊन. काकांना त्यांच्या गावाबाहेरही लोक ओळखत. धान्याच्या दुकानातून एकाने ओरडून विचारलं, "काय भानुदासराव, कोण निवडून आलं?"

"वंदना!" काका म्हणाले. "बिनविरोध."

वंदना दिवाळीनंतर हैदराबादला रुजू झाली. आज ती नवं वाण तयार करते, ज्यातले दाणे आमच्या कंपनीत येतात आणि मी ते ओल्या कागदात गुंडाळून किती उगवले ते मोजतो. सगळे उगवतात. मी मुद्दाम दोनदा मोजतो, पण उगवतात.

माझी कीर्ती मात्र जुन्या जालन्यात त्या शनिवारपासून पसरली. कुणाच्या पत्रातली लिंक उघडत नसली, कुणाच्या फाईलमधली उघडत नसली, की मला बोलावणं यायचं. मी गंभीर चेहऱ्याने बसायचो, दोन-चार ठिकाणी उगाच क्लिक करायचो, मान हलवायचो, "अवघड आहे" म्हणायचो, आणि मग सहाव्या कप्प्यातलं तेच एक बटण दाबायचो. लिंक उघडायची. लोक पोहे करायचे. एका वकिलाने तर मला विचारलं, हे शास्त्र तुम्ही कुठे शिकलात? मी म्हणालो, प्रयोगशाळेत. सलीमभाई तेवढे गालात हसायचे, पण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि मी फॉरमॅटला 'मारा' म्हणालो होतो हेही त्यांनी बाहेर जाऊ दिलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला वंदना सुट्टी घेऊन घरी आली होती. मी आंघोळ करून, तेच धोतर नेसून, हातात फडकं घेऊन कॉम्प्युटरपाशी गेलो, तर तो आधीच पुसून पाटावर बसलेला. वंदनाने आतून साफ केला होता. म्हणजे काही न काढता.

आईने मशीनला हळदीकुंकू वाहिलं. कात्रीला, विळीला, बाबांच्या हातोडीला, मग डब्याला वाहिलं. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हात पुढं कर."

मला वाटलं, प्रसाद. मी ओंजळ पुढे केली. तिने माझं उजव्या हाताचं पहिलं बोट निवडून बाजूला काढलं, ज्याने मी हो-हो-हो करत एकवीस प्रोग्राम हाकलले होते ते, त्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि नमस्कार केला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आपल्या घरात सगळ्यात जास्त चालणारं अवजार हेच हाये," आई म्हणाली. "आजच्या दिवशी अवजाराला आराम. अन् हे बघ, याला वर्षभर आराम दिला तरी चालंल."